उन्हात ठेवलेला रणगाडा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, दोन्ही मुलींना नाही, पालघरात ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातो त्यालाही नाही. तसा मी काही अबोल माणूस नाही. मी बोलायला लागलो की बाकीच्यांना चहा पिण्यापलीकडे काम उरत नाही, असं माझे जावईच म्हणतात. पण हे एवढं एक — हे ओठांपर्यंत येतं आणि मी ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलतो.

आमच्या पुढच्या खोलीत कपाटावर एक काचेची पेटी आहे. सागाची चौकट, चारी बाजूंनी आणि वरून काच, आणि आत वीतभर लांबीचा राखाडी रणगाडा. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन हलका रणगाडा. आता हलका म्हणजे काय, खरा असता तर आमची चाळ एका फेरीत सपाट केली असती त्याने. पण जड रणगाड्यांच्या मानाने हलका. आलेला पाहुणा चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघतो, मग उठून जवळ जातो, आणि हमखास विचारतो — हे कुणी केलं?

मी सांगतो, मी केलं.

माझे हात चांगले आहेत. हे मी नम्रपणे सांगत नाही. नम्रपणा मला कधी जमला नाही आणि जमवावासाही वाटला नाही. तीस वर्षांहून जास्त मी मॉडेलं केली. पंपघरांची, पाइपांच्या जाळ्यांची, अख्ख्या कारखान्यांची. माझ्या मॉडेलात पाइप पाइपाला अडला नाही, तर तो खऱ्या इमारतीतही अडला नाही. इंजिनिअर लोक नकाशावर भांडायचे आणि भांडण मिटवायला माझ्या टेबलापाशी यायचे. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तो अभिमान सोडून द्यायला मी बसलेलो नाही. पण ते टेबल मला कसं मिळालं, ते सांगायला बसलोय.

साठच्या दशकाचा शेवट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. मी मूळचा सफाळ्याचा, पण तेव्हा बोईसरला खोली घेऊन राहत होतो आणि साइटवरच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा. त्याच्या प्रिंटा काढायचं कामही माझ्याकडेच. त्यासाठी आमच्याकडे काच लावलेली एक मोठी चौकट होती. काचेखाली नकाशा, त्याखाली रसायन लावलेला कागद, आणि ती चौकट आवारात उन्हात मांडायची. उन्हानेच नकाशा कागदावर उमटायचा. ही चौकट लक्षात ठेवा. मी ती विसरलो असतो तर मला बरं झालं असतं, पण मी विसरलेलो नव्हतो.

साइटवर परदेशी इंजिनिअर होते. त्यांतल्या एकांना आम्ही मिशीवाले साहेब म्हणायचो, कारण त्यांचं नाव आमच्या तोंडात बसत नव्हतं. त्यांना एक मॉडेलखोली उभी करायची होती, आणि तिच्यासाठी एक — एकच — माणूस हवा होता. पक्की नोकरी. सावलीतलं काम. पंखा, टेबल, स्वतःची हत्यारं. मी तर त्याच दिवशी सफाळ्याला जाऊन घरी सांगून आलो की जागा माझीच आहे. दुसरं कोण होतं? ड्रॉइंग ऑफिसात माझ्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. शेजारपाजारी सांगितलं. ज्या घरी माझं लग्न ठरत होतं, तिथेही माझ्या वडिलांनी सांगितलं. मी आत्मविश्वासाने इतक्या लोकांना सांगून बसलो की मिळाली नसती तर मला सफाळ्याच्या स्टेशनावर उतरणं अवघड झालं असतं.

मग साहेबांनी हिराजीला बोलावलं.

हिराजी समुद्रकाठच्या मुरब्याचा. बाप-आजे होड्या बांधणारे, तोही तेच करत वाढलेला. साइटवर तो शटरिंगचा सुतार होता. काँक्रीट ओतायला लाकडी साचे लागतात, ते करणारा. एकदा परांचीवरून पाय घसरून खाली पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा नीट वाकत नसे. डोलणाऱ्या होडीत उभं राहणं त्याला जमत नव्हतं, आणि परांचीवर चढणंही रोज थोडं थोडं कमी जमत होतं. शिवाय काँक्रीट संपलं की शटरिंग संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दुपारच्या सुट्टीत तो सुरूच्या झाडाखाली बसून सागाच्या तुकड्यातून बोटभर होडी कोरत होता, ती साहेबांनी जाता जाता बघितली. झालं. आता एका जागेला आम्ही दोघं.

त्याचं आणि माझं वय सारखंच. तो मला भाऊ म्हणायचा आणि तुमी म्हणायचा. मी त्याला हिराजी म्हणायचो आणि तू म्हणायचो. असं का, हे आम्हा दोघांनाही कधी सुचलं नाही.

साहेबांना असली छोटी मॉडेलं जोडायचा नाद होता. त्यांच्या बंगल्यात फळीभर विमानं आणि रणगाडे होते. कुठलंही किट ते दोन दोन घ्यायचे. एक करायला आणि एक बिघडवायला, असं स्वतःच हसून म्हणायचे. त्यातलेच दोन सारखे डबे त्यांनी आमच्यापुढे ठेवले. झाकणावर चिखलातून धावणारा रणगाडा, मागे धूर. दोन आठवडे. घरी नेऊन करा, सोमवारी आणून दाखवा, ज्याचा चांगला त्याची जागा. सरळ होतं. त्यात कुठेही खोट नव्हती. खोट पुढे आली ती माझ्याकडून आली.

हिराजीने डबा उघडला तेव्हा मी शेजारीच होतो. असल्या किटमध्ये सगळे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले असतात. चाकं, दारं, तोफेची नळी — प्रत्येकाला नंबर. तो बघतच राहिला. म्हणाला, आमच्या वलांडीवर बोंबील वाळत लटकतात तसंच हाय की. मी हसलो. मग त्याने आतला घडीचा कागद काढला आणि माझ्याकडे बघितलं. कागद इंग्रजीत होता. हिराजी मराठी चौथीपर्यंत शिकलेला.

मी म्हटलं, आण, मी वाचून दाखवतो.

हे मी मनापासून म्हटलं, असं आज सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? ठेवा. मी खरंच मनापासून म्हटलं. मला मोठेपणा आवडतो, आणि मोठेपणा करायला तेव्हा माझं काही जात नव्हतं — कारण आपण जिंकणार याची मला खात्री होती. रोज दुपारी सुरूच्या झाडाखाली बसून मी त्याला चार-चार पायऱ्या वाचून दाखवायचो. तो लिहून घ्यायचा नाही. डोळे बारीक करून ऐकायचा आणि बोटांनी हवेत जोडून बघायचा. ऑफिसातले लोक येता-जाता बघत होते आणि म्हणत होते, वा, याला म्हणतात दिलदारी. मला ते ऐकू येत होतं. बरं वाटत होतं.

रणगाड्यावर चिकटवायला काळा-पांढरा क्रूस होता, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा. ही कसली खूण, त्याने विचारलं. मी त्याला जर्मनीची लढाई थोडक्यात सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे हरलेल्यांची गाडी. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, गाडी बनवणाऱ्याने तर नीटच बनवली होती. एवढंच बोलून तो पुन्हा चाकं घासायला लागला.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी त्याने आपला रणगाडा धोतराच्या फडक्यात गुंडाळून मला दाखवायला आणला. रंग बाकी होता, बाकी सगळं झालेलं.

मी तो हातात घेतला. आणि मला कळलं.

काय कळलं, ते नीट सांगतो, कारण या विषयातलं मला कळतं. दोन भाग जोडले की मध्ये शिवण दिसते, बारीक रेघ. माझ्या रणगाड्यावर ती दिसत होती. मी म्हटलं होतं, चालायचंच. हिराजीच्या रणगाड्यावर शिवण नव्हती. कुठेच नाही. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात ना, तसं त्याने केलं होतं — टाकाऊ चौकटीचं प्लॅस्टिक खरवडून त्याचा भुगा त्या किटमधल्याच गोंदात विरघळवला आणि ती लापशी फटीत भरून, सुकल्यावर घासून काढली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कागदातही नव्हतं. मोठमोठे मॉडेलवाले हेच करतात, हे मला पुढे सहा-सात वर्षांनी समजलं. आणि पट्टे — रणगाड्याच्या चाकांवरचे ते काळे पट्टे — त्यांची टोकं गरम लोखंडाने दाबून जोडायची असतात. मी स्क्रूड्रायव्हर तापवून माझा एक पट्टा करपवला होता. त्याने गोधडी शिवायची सुई तापवून केले होते. जोड शोधावा लागत होता.

मी म्हटलं, बरा झालाय.

बरा. एवढाच शब्द. त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, कारण माझ्याकडून बरा म्हणजे पुष्कळ, असं त्याला वाटायचं. मी मात्र त्या दिवशी टेबलावर एकही रेघ सरळ मारली नाही. मला राग आला होता. कुणाचा? त्याने काय केलं होतं माझं? चांगलं काम केलं होतं, एवढंच. पण मी जन्मात पहिल्यांदा दुसरा आलो होतो, आणि ते फक्त मला माहीत होतं. अजून कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी सगळ्यांना कळणार होतं.

शनिवार आला. अर्धा दिवस काम. झाडाखाली शेवटचं वाचन.

कागदाच्या तळाला एक चौकोन होता, बारीक अक्षरांचा. रंगवलेलं मॉडेल सावलीत वाळू द्यावं, ऊन आणि विस्तव यांपासून लांब ठेवावं, उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडून वाकडं होतं. असं काहीसं. मी ते मनात वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि म्हटलं, संपलं, खाली नुसती जाहिरात आहे.

ही माझी चूक. एक ओळ वाचली नाही.

नाही — थांबा. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा एवढंच सांगत आलोय. एक ओळ वाचायची राहिली. राहिली, असं. जणू ती आपोआप राहिली. पण ते तेवढंच नव्हतं. वाचलं नाही हे खरं, पण त्यानंतर त्याने मला विचारलं होतं.

झालं असं की त्याने रंग होडीचाच वापरला होता. काळा आणि पांढरा ऑइलपेंट मिसळून इतका नेमका राखाडी केला होता की साहेबांच्या डबीतला रंगही फिका पडावा. पण मुरब्याची खारी हवा, वैशाखातला दमट वारा. रंग वाळेना. बोट लावलं की चिकटायचा. सोमवारी दाखवायचं, हाताशी फक्त रविवार. आणि त्याने एक काचेची पेटी केली होती — सागाची चौकट, पाच काचा, खिळा एकही नाही, नुसत्या खाचा एकमेकींत बसवलेल्या. रणगाडा साहेबांपुढे पेटीतून न्यायचा, असा त्याचा बेत. मुरब्यात सगळं उन्हातच वाळतं. बोंबील, मांदेली, जाळी, होडीचा रंग. पण सुईने प्लॅस्टिक वितळताना त्याने पाहिलं होतं, म्हणून तो अडखळत होता. मूर्ख नव्हता तो. म्हणून तर विचारलं.

"भाऊ, पेटीत घालून छपराच्या पत्र्यावर उनात ठेवू का? कावळा नाय, रेती नाय. का उनाने काय होल?"

आता ती चौकट आठवा, ऑफिसातली, नकाशाच्या प्रिंटांची. काचेखाली ऊन काय करतं, हे त्या साइटवर माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? दहा मिनिटांनी ती उचलायची तर हाताला फडकं गुंडाळावं लागायचं. माझ्या तळव्यावर तिचा जुना चटका होता. कागदातली ओळ मला वाचायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, "ठेव की. सुई विस्तवातली होती, ऊन काय विस्तव आहे? संध्याकाळपर्यंत वाळून खडखडीत होईल."

बघा, नुसतं ठेव म्हणून मी थांबलो नाही. त्याच्या मनातली शंकाही काढून टाकली. हसत काढली. तो म्हणाला, तुमी होता म्हणून, नायतर माझं काय खरं नव्हतं. आणि सायकलला टांग मारून, दुखरा गुडघा बाहेरच्या बाजूला धरून, निघून गेला. रविवारी मी बोईसरच्या खोलीत दिवसभर बसून होतो. ऊन कडक होतं. मुरबं सायकलने गाठता येण्यासारखं होतं. माझ्याकडेही सायकल होती.

सोमवारी त्याने पेटी आणली. वर फडकं. साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि फडकं काढलं. रणगाड्याची पाठ मधोमध खचली होती. वरचं फिरतं तोंड एका अंगाला कलंडलं होतं, आणि तोफेची नळी वाकून खाली गेली होती. रंग मात्र पक्का वाळला होता. शेजारी माझा रणगाडा, शिवण दिसणारा, ताठ.

साहेबांनी हिराजीचा रणगाडा उचलला आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघितला. त्यांना दिसलं होतं, तो काय होता ते. जाणत्या माणसाला पडक्या भिंतीवरूनही गवंडी कळतो. त्यांनी मला म्हटलं, याला विचार काय झालं. ऑफिसात दुभाषाही मीच. मी विचारलं. हिराजीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — तसं असतं तर मला आजवर कधीतरी झोपेत तरी त्याला उलट उत्तर देता आलं असतं. नुसतं बघितलं, आणि म्हणाला, "माझी चूक झाली. लाकडासारकं समजलो. उनात ठेवला."

हे मी शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं. त्या दोन आठवड्यांत अगदी प्रामाणिकपणे केलेलं माझं तेवढंच एक काम.

साहेबांनी विचारलं, कागदात लिहिलंय ते याला माहीत नव्हतं? आता हा प्रश्न मला होता. मी म्हटलं, सगळा कागद मी स्वतः वाचून दाखवला होता, साहेब. शेजारचे दोघे-तिघे लगेच म्हणाले, हो साहेब, रोज दुपारी. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा प्रतिस्पर्धी क्वचित मिळतो, असं काहीतरी म्हणाले. हे मात्र मी हिराजीला भाषांतर करून सांगितलं नाही.

जागा मला मिळाली.

संध्याकाळी हिराजी माझ्या टेबलापाशी आला. पेटी रिकामी होती. त्याने आपला वाकडा रणगाडा फडक्यात बांधून घेतला होता. म्हणाला, "तुमच्या गाडीला पेटी नाय. ही घ्या. माझ्याकडे आता हिचं काय काम?" मी नको म्हणालो नाही. नको म्हणायला तोंड नव्हतं, आणि पेटी खरंच सुंदर होती — हेही सांगतो, कारण मी ती हातात घेतल्यावर पहिल्यांदा खाचाच तपासल्या.

काँक्रीट संपलं, शटरिंग संपलं. हिराजीचा गुडघा आणखी आखडला. होड्यांवर काम मिळेना, म्हणून सातपाटीला मासे भरायची खोकी ठोकायला लागला. फळकुटं आणि खिळे. ज्या माणसाने खिळ्याशिवाय पेटी केली, तो दिवसभर खिळे ठोकत होता. हे मी ऐकून सांगत नाही, बघून सांगतो. काही वर्षांनी मासळी आणायला सातपाटीला गेलो होतो तेव्हा त्यानेच मला हाक मारली. पाट सरकवला, चहा मागवला, आणि शेजारच्या माणसांना कौतुकाने सांगितलं, हे भाऊ, ह्यांनी स्वतःला जागा हवी असून मला कागद वाचून दाखवला होता. असा माणूस नाय मिळत. ती माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. मी काय केलं? मी विचारलं, मुलं किती? शाळेत जातात ना? चहा पिऊन, पापलेट घेऊन घरी आलो.

त्याला कळलं होतं का? त्या सोमवारी, टेबलापाशी, त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा? की त्याला खरंच वाटलं की उन्हाचं मलाही माहीत नव्हतं, आणि आपल्यामुळे माझं नाव निघू नये? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केलाय. पहिलं असेल तर त्याने मला वाचवलं. दुसरं असेल तरी त्याने मला वाचवलं.

गेल्या वर्षी हिराजी वारला. मुरब्याचा एक ओळखीचा माणूस पालघरच्या बाजारात भेटला, त्याने सांगितलं. मी भेटायला गेलो. त्याची बायको ओट्यावर बसली होती. तिने मला ओळखलं. म्हणाली, तुमचं नाव काढायचे. मग आत घेऊन गेली. देवांच्या फळीच्या जरा खाली, एका कोनाड्यात, तो होता. खचलेला, तोंड कलंडलेला, नळी वाकलेली, आणि इतक्या वर्षांत राखाडी रंगाचा एक टवकाही उडालेला नाही. ती म्हणाली, "पोरांना हात लावू दिला नाय कधी. म्हणायचे, माझा सगळ्यात चांगला काम हाच हाय."

मी तो उचलून बघितला. शिवण शोधली. नव्हती.

तेव्हा बोलायचं होतं ना? ती समोर उभी होती. कागद नव्हता, साहेब नव्हते, जागा जाण्याची भीती नव्हती, मी पेन्शनीत निघालेला म्हातारा. मी म्हटलं, हिराजीचा हात फार चांगला होता. आणि उठलो. हिराजी असेपर्यंत मी बोललो नाही आणि गेल्यावर बोलतोय, तर ते का, हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात धाकट्या मुलीकडचे पाहुणे आले. त्यांतले एक गृहस्थ लाकडातले जाणकार. चहा येईपर्यंत उठून कपाटापाशी गेले. रणगाड्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग चष्मा वर करून चौकटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाले, काय खाचा आहेत, एक खिळा नाही, ही पेटी कुणी केली?

मी म्हटलं, मी.

मुरब्याहून येऊन चार दिवस झाले होते, आणि मी म्हटलं, मी. आजवर प्रत्येकाला तेच म्हणत आलोय. रणगाडा मी केलाय, तो माझा आहे, त्यावरची शिवणही माझी आहे. पेटी मी केलेली नाही. ती हिराजीने केली, मुरब्याच्या हिराजीने, त्याच्या स्वतःच्या रणगाड्यासाठी. तो रणगाडा माझ्यापेक्षा चांगला होता, आणि तो उन्हात ठेव असं त्याला मी सांगितलं.